कोड माफ आहे, अभ्यास नाही

गेल्या पावसाळ्यापासून तू मला एकच गोष्ट ऐकवतो आहेस. कोडिंग न शिकता क्लासवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणार, दर महिन्याला सबस्क्रिप्शन घेणार आणि वर्षाच्या आत नोकरीचा विचार सोडून देणार. सॉफ्टवेअर झालं. मी त्याचं पान न् पान उघडून पाहिलं. आता तू सांगतोस की एकही क्लासचालक पैसे भरायला तयार नाही, म्हणून बबल हे नो-कोड टूल सोडून दुसऱ्या टूलवर सगळं पहिल्यापासून बांधायचं. अजिबात नाही. एक नवीन पानसुद्धा बांधायचं नाही. आधी मी काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि मध्ये सबबी सांगायच्या नाहीत.

टूलचा काही दोष नाही. दोष तुझा आहे. कोड लिहावा लागणार नाही, एवढंच त्या टूलने तुला सांगितलं होतं. तू त्याचा अर्थ असा घेतलास की विचार करावा लागणार नाही, कुणाला भेटावं लागणार नाही, हिशेब मांडावा लागणार नाही. माफ झालाय तो फक्त कोड. बाकीचा सगळा अभ्यास जसाच्या तसा तुझ्या डोक्यावर आहे आणि त्यातलं एक पानही तू वाचलेलं नाहीस.

कोड न लिहिता संगणक कामाला लावणं हे काही आजचं नवल नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणलं, तेव्हापासून हिशेबनीस प्रोग्रॅमरची वाट न पाहता आपलं कोष्टक आपण मांडत आले आहेत. ऑफिसातला क्लार्क एक्सेलमध्ये सूत्र लिहितो तेव्हा तोही तेच करत असतो. बबल २०१२ मध्ये सुरू झालं. झॅपियर, एअरटेबल, वेबफ्लो ही टूल्सही साधारण त्याच काळातली. आता लव्हेबलसारखी टूल्स आली आहेत. साध्या भाषेत सांगितलं की ती पानं तयार करून देतात. म्हणजे तुला जे जमलं ते आज कुणालाही जमतं. तुझ्या शेजारच्या मुलाला शनिवार-रविवारात जमेल. मग क्लासवाल्याने पैसे तुलाच का द्यावेत? या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. घोडं इथे पेंड खातंय, आणि तू मात्र टूल बदलायला निघालास.

आपल्याकडे धंद्याचं सॉफ्टवेअर म्हटलं की टॅलीचं नाव निघतं. तुझ्या कॉमर्सच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्याचा कोर्स केला आहे, पण ते कसं जन्मलं हे कुणी विचारत नाही. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळत नव्हतं, म्हणून त्यांच्या मुलाने, भरत गोएंका यांनी ते लिहिलं. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. अडचण घरात होती, रोज टोचत होती, आणि सॉफ्टवेअर तिच्यामागून आलं. तू आधी टूल शिकलास, मग रंग ठरवले, मग लोगो केला आणि शेवटी अडचण कुणाला आहे हे शोधायला निघालास.

तू लातूरमध्ये राहतोस. दहावी-बारावीच्या अभ्यासासाठी अख्ख्या मराठवाड्यातून मुलं जिथे येतात, जिथे शहराच्या एका भागाला लोक ट्यूशन एरिया म्हणूनच ओळखतात, त्या गावात. घराबाहेर पडलं की क्लासच्या पाट्या दिसतात. त्यातले किती जिने तू चढलास? किती क्लासचालकांसमोर बसून त्यांना फीची वही उघडायला लावलीस? मी विचारलं तेव्हा म्हणालास, ‘सर, गूगल फॉर्म पाठवला होता.’ तो फॉर्म भरला तुझ्या वर्गमित्रांनी. त्यांनी ‘आयडिया छान आहे’ असं लिहिलं आणि तू ते खरं मानलंस. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याचं मत फुकट असतं. ते कितीही गोड असलं तरी त्याच्यावर धंदा उभा राहत नाही.

ती वही तू उघडली असतीस तर काय दिसलं असतं ते सांगतो. एका मुलाची वर्षाची फी १८,००० ठरलेली असते. आई येऊन आधी ५,००० देते, दिवाळीनंतर २,५०० देते, उरलेले परीक्षेच्या तोंडावर. धाकटी बहीण त्याच क्लासला असेल तर तिला सवलत, पण ती कागदावर कुठेच नसते, क्लासच्या सरांच्या डोक्यात असते. काही रक्कम रोख येते, काही यूपीआयने, आणि यूपीआय आलेलं असतं मामाच्या नंबरवरून. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पडतो आणि शंभर मेसेजांखाली गडप होतो. मुलगा ऑगस्टमध्ये सकाळची बॅच सोडून संध्याकाळच्या बॅचला जातो. कुणी ऑक्टोबरमध्ये क्लासच सोडतो आणि बाप भरलेले पैसे परत मागतो. क्लासचालकाची रात्रीची झोप या गोंधळात जाते. हा गोंधळ सोडवणाऱ्याला तो आनंदाने पैसे देईल.

तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे? ‘फी भरली’ आणि ‘फी भरली नाही’, अशी दोन बटणं. हप्त्याची सोय नाही. सवलतीची नाही. एका पालकाची दोन मुलं ही गोष्टच तुझ्या डेटाबेसला कळत नाही, कारण तू पालकाचं नाव आणि मोबाईल मुलाच्या ओळीतच कोंबून टाकला आहेस. दोन मुलं म्हणजे तोच नंबर दोनदा, आणि नंबर बदलला की एका जागी नवा, दुसऱ्या जागी जुना. आणि जिथे हप्ते नाहीत तिथे तू चार रंगांचे आलेख, डार्क मोड, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि प्रश्नांना उत्तरं देणारा एआय सहायक बसवला आहेस. एक ना धड, भाराभर चिंध्या. क्लासचालकाने ते पाच मिनिटं पाहिलं आणि पुन्हा वही उघडली, यात त्याचं काय चुकलं?

डेटाबेसची मांडणी हाच तो अभ्यास, जो नो-कोडमध्येही कुणाला चुकत नाही. विद्यार्थी वेगळा, पालक वेगळा, बॅच वेगळी, ठरलेली फी वेगळी, आणि प्रत्येक जमा रक्कम ही स्वतंत्र नोंद: तारीख, रक्कम, रोख की यूपीआय, पावती क्रमांक. बाकी किती हे कुठेही हाताने लिहायचं नाही, ते ठरलेल्या फीतून जमा रकमा वजा करून निघालं पाहिजे. दिलेली पावती खोडायची नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची. हे तुला अकाउंट्सच्या तासाला शिकवलेलं आहे. त्याला कोड लागत नाही; एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि दोन तास न उठता बसण्याची तयारी लागते. ते दोन तास तू दिले नाहीस. थेट माऊस हातात घेतलास.

आता विचारशील की मग आधी करायचं काय होतं. २०१० मध्ये जोएल गॅस्कॉइन या ब्रिटिश तरुणाला बफर नावाचं सबस्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर काढायचं होतं. त्याला प्रोग्रॅमिंग येत होतं, तरी त्याने आधी ते बांधलं नाही. एक साधं पान टाकलं, त्यावर कल्पना लिहिली आणि दराच्या पानाकडे जायचं बटण ठेवलं. बटण दाबलं की ‘अजून तयारी चालू आहे, ईमेल ठेवा’ असं दिसायचं. लोकांनी ईमेल ठेवले. मग त्याने मध्ये खरंखुरं दरपत्रक घातलं, पैसे देण्याच्या योजनेवर कुणी बोट ठेवतं का हे पाहिलं, आणि काही जणांनी ते ठेवलं तेव्हाच बांधायला घेतलं. ज्याला कोड येतो तो माणूस असा धीर धरतो, आणि ज्याला येत नाही तो तू मात्र कुणालाही न विचारता महिनोन्‌महिने बांधत बसतोस. तुला तर एक पानसुद्धा लागलं नसतं. एका क्लासची वही घेऊन गूगल शीटमध्ये महिनाभर स्वतः चालवायची, रोज संध्याकाळी थकबाकीची यादी सरांच्या हातात ठेवायची आणि महिन्याअखेर त्यांना पैसे मागायचे. दिले असते तर धंदा आहे हे कळलं असतं. दिले नसते तर तुझा पूर्ण पावसाळा वाचला असता.

पैसे मागणं तुला जमत नाही, हे मला दिसतं आहे. म्हणूनच तू दर ठरवलास महिना १९९. का? ‘सर, परवडायला पाहिजे ना.’ तुला तो परवडतो का, हे मोजलंस? चल, आपण दोघं मोजू. क्लासमध्ये २०० मुलं. गैरहजेरीचा निरोप, फीची आठवण, चाचणीचे गुण असे प्रत्येक पालकाला महिन्याला आठ संदेश धर. झाले १,६०० संदेश. व्हॉट्सॲपच्या अधिकृत व्यवस्थेतून पाठवलेल्या अशा प्रत्येक संदेशाचे पैसे लागतात. जाहिरातीच्या संदेशाला जास्त, कामाच्या निरोपाला कमी. समज, एका निरोपाला १२ पैसे पडले. १,६०० निरोपांचे १९२ रुपये झाले. १९९ मधून १९२ गेले, राहिले सात. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी गेला की हातात सव्वादोन रुपयांच्या आसपास उरतात. वीस क्लास जोडलेस तर महिन्याला पन्नाससुद्धा नाहीत. आणि बबलचंच साधं पॅकेज महिन्याला तीस डॉलरच्या आसपास आहे. तू ‘अनलिमिटेड मेसेज’ असं मोठ्या अक्षरांत छापलं आहेस. ज्या दिवशी तुला ग्राहक मिळायला लागतील त्या दिवसापासून तू बुडायला लागशील. कॉमर्सच्या मुलाने हा गुणाकार करू नये, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरा हिशेब. सबस्क्रिप्शन म्हणजे ग्राहक एकदा मिळवला आणि संपलं असं नसतं. दुधाचा रतीब घालणाऱ्याचं दूध चार दिवस पातळ आलं की गिऱ्हाईक पाचव्या दिवशी दुसरा माणूस लावतं. तुझंही प्रत्येक महिन्याला तसंच मोजमाप होणार. शंभर ग्राहकांपैकी दरमहा पाच टक्के सोडून गेले तर वर्षाअखेर ५४ उरतात. दहा टक्के गेले तर २८. म्हणजे वर्षभर राबून नवे ७२ आणून टिकवशील तेव्हा तू होतास तिथेच असशील. नवे ग्राहक कसे आणायचे यावर तू शेकडो व्हिडिओ पाहिलेस. आलेला का जातो, यावर एक तरी पाहिलास का?

क्लासच्या धंद्यात तर जाण्याचं कारण पंचांगासारखं ठरलेलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा झाल्या की वर्ग रिकामे होतात. एप्रिल-मेमध्ये क्लासचालक तुझे पैसे का भरेल? आणि जूनमध्ये त्याची वही नव्याने सुरू होते, फी ठरते, हप्ते ठरतात. तू सॉफ्टवेअर बाजारात आणलंस दिवाळीत. अर्धं वर्ष वहीत लिहून झालेला माणूस मध्येच सगळ्या नोंदी तुझ्याकडे हलवेल, असं तुला वाटलंच कसं? तुझ्या मालाचा हंगाम मे-जूनचा आहे. दर महिन्याऐवजी शैक्षणिक वर्षाचा दर ठेवला असतास, जूनमध्ये एकरकमी घेतला असतास, तर मार्चमधली गळतीही थांबली असती आणि क्लासचालकालाही तो सोयीचा झाला असता. हे कुठल्याही अमेरिकन व्हिडिओत सापडणार नाही. हे ट्यूशन एरियातल्या कुठल्याही सरांनी तुला चहाच्या कपावर सांगितलं असतं.

पैसे गोळा करण्याचंही तेच. व्हिडिओत सांगितलं ‘स्ट्राइप जोडा’, तू स्ट्राइप जोडायला बसलास. भारतात स्ट्राइपने २०२४ पासून नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत, हे तुला अर्ज अडकल्यावर कळलं. देशातल्या गेटवेकडे जा. तिथेही पॅन, बँक खातं, वेबसाइटवर परताव्याचे नियम, गोपनीयतेचं धोरण आणि संपर्काचा पत्ता लागतो. तू ही पानं दुसऱ्याच्या साइटवरून उचलून चिकटवली आहेस. त्यात अजून त्यांच्या शहराचं न्यायक्षेत्र तसंच आहे. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून ग्राहकाची आधी नोंदवलेली मंजुरी लागते, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जावी लागते, आणि आता सर्वसाधारण व्यवहारात १५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे. ग्राहक त्याच्या ॲपमधून ती मंजुरी कधीही रद्द करू शकतो. मग हप्ता फेल झाला तर काय करायचं ठरवलं आहेस? दुसऱ्या दिवशी सरांचं खातं बंद? ऐन चाचणीच्या आठवड्यात? की सात दिवसांची मुदत, दोन आठवणी आणि मग फोन? तुझ्या बबलच्या वर्कफ्लोमध्ये या प्रसंगाला जागाच नाही. पैसे नेहमी येतीलच असं धरून तू सगळं बांधलं आहेस.

इथपर्यंतच्या चुकांनी तुझंच नुकसान होणार आहे. यापुढची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी खपवून घेणार नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांची नावं आहेत, फोटो आहेत, पालकांचे मोबाईल नंबर आहेत, घरचे पत्ते आहेत, कोणती मुलगी किती वाजता कुठल्या बॅचला असते याची नोंद आहे. मी दोन वेगवेगळ्या क्लासच्या नावाने चाचणी खाती उघडली. एका क्लासच्या खात्यातून दुसऱ्या क्लासच्या मुलांची यादी मला दिसली. ब्राउझरमधल्या पत्त्याच्या पट्टीतला एक आकडा बदलला, बस. तू यादीचा चौकोन पानावर लपवला होतास आणि तेवढ्याने माहिती सुरक्षित झाली असं समजलास. पानावर लपवलेली गोष्ट ब्राउझरपर्यंत पोचलेली असू शकते. ती अडवायची असते डेटाबेसच्या दारात. बबलमध्ये त्यासाठी प्रायव्हसी रूल्स आहेत, सुपाबेससारख्या डेटाबेस सेवेत ओळीनिहाय प्रवेशाचे नियम आहेत. ते लावायला कोड लागत नाही. ते आहेत हे माहीत असावं लागतं आणि कोण काय पाहू शकेल याचा विचार करावा लागतो.

हा धोका माझ्या कल्पनेतला नाही. २०२५ मध्ये लव्हेबलवर तयार झालेल्या कित्येक ॲप्समध्ये हेच प्रवेशाचे नियम नीट लावलेले नव्हते आणि बाहेरच्या कुणालाही लोकांची माहिती वाचता येत होती, हे संशोधकांनी उघड केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये रेप्लिट या कोडिंग टूलच्या एआय एजंटने, काहीही बदलू नकोस अशी सूचना असताना, एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. तू तर ग्राहकाला दाखवायची आणि प्रयोग करायची जागा एकच ठेवली आहेस. बॅकअप कुठे आहे विचारलं तर म्हणालास, ‘टूल घेत असेल.’ घेत असेल? दोनशे घरांची माहिती तुझ्या भरवशावर ठेवायची आणि तू ‘असेल’वर चालणार?

भारतात २०२३ पासून डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत आहे. ती कुठवर आहे आणि तुझ्या क्लासवाल्यांना लागू पडते का, हे तू वाचून मला लिहून आणायचं आहेस. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण दंडाच्या भीतीने तू हे करावंस असं मला वाटत नाही. ज्या आईने मुलीचा नंबर आणि फोटो क्लासमध्ये विश्वासाने दिला, तिला तुझं नावही माहीत नाही. तिच्या वतीने विचार करणारं त्या साखळीत दुसरं कुणी नाही. ते काम तुझं आहे. ते करायचं नसेल तर हा धंदा आजच्या आज बंद कर, मी तुला एका शब्दाने अडवणार नाही.

आणि ज्या टूलवर सगळं उभं केलंस त्याच्याशी तुझा करार काय आहे, तो वाचलास? फेसबुकने २०१३ मध्ये पार्स विकत घेतलं. हजारो ॲप्सचा डेटा त्यावर होता. जानेवारी २०१६ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि वर्षभरात बंद केलं. गूगलने आपलं ॲप मेकर हे टूल २०२१ मध्ये बंद केलं. बबलने २०२३ मध्ये आकारणीची पद्धतच बदलली. ॲप सर्व्हरवर किती काम करतं त्यावर पैसे मोजायला सुरुवात केली, आणि अनेकांना आपला हिशेब नव्याने मांडावा लागला. बबलमधलं ॲप कोडच्या रूपात बाहेर काढता येत नाही; फ्लटरफ्लो या टूलमधून काढता येतं. यापैकी कुठलंही टूल वाईट आहे असं मी म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून निवड, एवढंच म्हणतो. डेटा तरी दर आठवड्याला बाहेर काढून स्वतःजवळ ठेव, आणि डेटाबेसची मांडणी कागदावर असू दे, म्हणजे उद्या घर बदलावं लागलं तरी संसार सोबत नेता येईल.

आता तुझ्या लाँचबद्दल. तू नवी सॉफ्टवेअर मांडून मतं मागणाऱ्या प्रॉडक्ट हंट या साइटवर लाँच केलंस. त्यासाठी रात्र जागवलीस, ओळखीच्यांना मतं द्यायला लावलीस आणि त्या मतांचा स्क्रीनशॉट मला पाठवलास. मत देणाऱ्यांपैकी एकाचाही लातूरमध्ये क्लास नाही. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तुझा ग्राहक दुपारी बारा ते चार मोकळा असतो. सकाळच्या बॅचा संपलेल्या असतात, संध्याकाळच्या सुरू व्हायच्या असतात. ती चार तासांची वेळ तुझी लाँचची वेळ आहे. जिना चढायचा, नमस्कार करायचा, ‘सर, तुमची थकबाकीची यादी मी दहा मिनिटांत काढून दाखवतो’ म्हणायचं आणि काढून दाखवायची. नाही म्हणाले तर का नाही हे विचारायचं, लिहून घ्यायचं, पुढचा जिना चढायचा. तू स्क्रीनच्या मागे बसलास कारण तिथे कुणी तोंडावर नकार देत नाही. धंदा करायचा तर नकार तोंडावर ऐकावा लागतो. त्यातच तुला हवी असलेली सगळी माहिती असते.

मी इतकं बोलतो आहे ते तू नालायक आहेस म्हणून नव्हे. नालायक मुलाला मी दोन वाक्यांत निरोप देतो. तू चिकाटीने महिनोन्‌महिने बसू शकतोस, टूल झपाट्याने शिकतोस, आणि निवडलेला प्रश्न खरा आहे. लहान क्लास चालवणाऱ्या माणसाला परवडेल, मराठीत चालेल आणि त्याच्या वहीसारखंच वागेल अशा सॉफ्टवेअरची गरज आहे. गावोगावी शिकवणारी कितीतरी चांगली माणसं हिशेबाच्या कटकटीत थकतात आणि शिकवायचा उत्साह तिथेच संपतो. त्यांचं काम तू हलकं करू शकतोस. ज्याच्यात एवढं बळ आहे तो ते रंग आणि लोगोवर उधळतो, हे मला बघवत नाही.

तेव्हा काय करायचं ते नीट लिहून घे. आज मार्च संपत आला आहे. तुझं ॲप आज रात्री बंद कर आणि त्यात चाचणीसाठी भरलेली खऱ्या मुलांची माहिती पुसून टाक. एप्रिलमध्ये रोज दुपारी तीन क्लासांत जायचं, विकायला नव्हे, वही पाहायला. प्रत्येकाची फी कशी ठरते, हप्ते कसे येतात, कुठे चुकतं, हे तिथेच लिहायचं. त्यानंतर कागदावर टेबलं मांडायची आणि ती मला दाखवायची. मी सही केल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. मग एकच काम बांधायचं: फीचे हप्ते, पावती आणि थकबाकीची यादी. बाकी सगळं काढून टाकायचं. प्रवेशाचे नियम लावायचे, दोन खोटे क्लास तयार करायचे आणि एकातून दुसऱ्यात शिरायचा स्वतः प्रयत्न करायचा. प्रयोगाची जागा आणि ग्राहकाची जागा वेगळी ठेवायची. दर नव्याने काढायचा, संदेशांचा खर्च वेगळा आकारायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, पण तुझ्या बाबतीत काय लागू आहे हे एका सीएला विचारून घ्यायचं. शंभर रुपयांवर अठरा सरकारचे असतील तो दिवस गृहीत धरूनच दर ठरवायचा. मेच्या अखेरीस पाच क्लासचालकांकडून वर्षाचे पैसे आगाऊ मागायचे.

पाच जणांनीही दिले नाहीत तर सॉफ्टवेअर बांधायचं थांबवायचं आणि त्या वह्यांतून दुसरी अडचण शोधायची. दिले तर त्या पाचांना पुढच्या मार्चपर्यंत एकही दिवस वाऱ्यावर सोडायचं नाही. फोन आला की उचलायचा, चूक झाली की त्याच दिवशी सांगायची आणि सुधारायची. सहावा ग्राहक त्यांच्यापैकीच कुणीतरी पाठवेल.

यापुढे मला नवीन स्क्रीन दाखवायला यायचं नाही. पैसे भरलेल्या पाच पावत्यांची नक्कल आण, प्रत्येक क्लासचालकाने सांगितलेल्या तक्रारींची यादी आण आणि त्यातल्या किती सोडवल्यास ते आण. ते घेऊन आलास की दार उघडंच आहे. मग टूल कोणतं घ्यायचं यावर आपण दोघं बसून बोलू.